विद्यापीठाची फी किती? माझ्या आईच्या प्रश्नाचं उत्तर



गेल्या महिन्यात माझा भाचा सैन्यातून सुटून घरी आला. सुखरूप आला म्हणून माझ्या बहिणीने दिमोनाला मलिदा केला. बेराखा झाली, पोहे-खोबऱ्याचं ताट सगळ्यांत फिरलं, आणि नेहमीप्रमाणे विषय निघाला, आता पुढे काय? पोरगा हळूच म्हणाला, "मला शिकायचंय." माझी आई ऐंशीच्या जवळ आली आहे. तिने लगेच विचारलं, "अरे, युनिव्हर्सिटीला किती लाख लागतात? त्यापेक्षा नोकरी धर." कोपऱ्यात बसलेल्या दोन-तीन आज्यांनी माना डोलावल्या.

आईचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तिने आयुष्यभर पै-पै मोजून संसार केला. पण हा प्रश्न आपल्या बऱ्याच घरांत असाच विचारला जातो आणि उत्तर न ऐकताच मिटवला जातो. मी स्वतः सरकारी मदतीवर चालणाऱ्या विद्यापीठात शिकले आहे, म्हणून चार गोष्टी लिहिते.

आम्ही १९८४ साली ठाण्याहून अलिया करून आलो. मी तेव्हा बारा वर्षांची, मराठी शाळेतून सहावी पास. बाबा मुंबईला फोर्टात एका कचेरीत कारकून होते, इथे दिमोनाला कापडाच्या गिरणीत लागले. शाळेत माझं हिब्रू कच्चं, म्हणून मला धंदेशिक्षणाच्या वर्गात घातलं. शिवणकाम चांगलं आलं, पण बगरूत अर्धवट राहिली. सैन्यातली दोन वर्षं झाली आणि मीही एका कारखान्यात पॅकिंगला लागले. तीन वर्षं तिथे काढली.

सैन्यातली एक मैत्रीण भेटली, तिने मखिनाबद्दल सांगितलं. मखिना म्हणजे विद्यापीठाच्या आधीचा तयारीचा वर्ग. ज्यांची बगरूत राहिली किंवा मार्क कमी पडले, त्यांना तिथे पुन्हा संधी मिळते. मी घरी विषय काढला. आई गप्प बसली. बाबांनी एक गोष्ट सांगितली, जी त्यांनी आधी कधीच सांगितली नव्हती.

ते मॅट्रिक झाले तेव्हा पुढे कॉलेजात जायची त्यांची फार इच्छा होती. रोज ठाण्याहून लोकलने व्ही.टी.ला उतरायचे आणि चालत कचेरीत जायचे. वाटेत राजाबाई टॉवर दिसायचा. मुंबई विद्यापीठ १८५७ सालचं, कितीतरी गरिबांची मुलं तिथून पदवी घेऊन गेली. बाबा म्हणाले, "फी मी कशीतरी भरली असती गं. पण माझा पगार बंद झाला असता तर पाठच्या चार भावंडांनी खायचं काय?"

हे वाक्य मी विसरले नाही. कारण इथेही तेच आहे. फी फार मोठी नाही. तीन-चार वर्षं पूर्ण पगाराशिवाय कशी काढायची, हा खरा प्रश्न आहे.

आधी फीचं सांगते. इस्रायलमध्ये जेरुसलेमचं हिब्रू विद्यापीठ, हैफाचं टेक्नियन, तेल अवीव, बार इलान, हैफा, बेर शेवाचं बेन गुरियन ही सगळी सरकारी पैशाच्या आधारावर चालतात. उच्च शिक्षण परिषदेची एक अंदाजपत्रक समिती आहे, ती सरकारचा पैसा या संस्थांना वाटून देते. म्हणून विद्यार्थ्याकडून खर्चाचा फक्त एक भाग घेतला जातो. ही फी ठरलेली असते आणि सगळीकडे सारखी. पहिल्या पदवीला आज वर्षाला साधारण १० ते १२ हजार शेकेल. मुलगा इंजिनिअरिंग शिको की इतिहास, आकडा तोच. वर सुरक्षेचे आणि विद्यार्थी संघटनेचे काही शे शेकेल होतात. फी हप्त्यांनी भरता येते.

सरकारी मदत घेणारी कॉलेजंही आहेत, उदाहरणार्थ स्देरोतजवळचं सापिर. तिथेही हीच फी. खासगी कॉलेजात मात्र साधारण तिप्पट आणि काही ठिकाणी त्याहूनही जास्त. आपल्याकडे काय होतं, पोराला विद्यापीठात एकदा नकार आला की आईवडील कर्ज काढून खासगीत घालतात. खासगी वाईट असतं असं नाही. पण तोच विषय सरकारी मदतीच्या कॉलेजात आहे का, हे आधी विचारावं.

आता माझा अनुभव. मखिना करून १९९६ साली मी बेन गुरियन विद्यापीठात समाजकार्य विषयाला प्रवेश घेतला. वय चोवीस. सुक्कोथनंतर वर्ग सुरू झाले. रोज सकाळी दिमोनाहून बसने बेर शेवा, संध्याकाळी परत. बेर शेवाला खोली घेतली असती तर फीपेक्षा भाडंच जास्त झालं असतं. आई पहाटे उठून चपाती-भाजीचा डबा द्यायची. तिला वाटायचं ती काही विशेष करत नाही. पण त्या डब्याने आणि घरच्या खाटेनेच माझी पदवी झाली, असं मी आजही म्हणते.

स्वस्त म्हणजे सोपं, असं मात्र कोणी समजू नये. पहिल्या महिन्यात इंग्रजी लेखांचा गठ्ठा हातात पडला आणि मला रडू आलं. बाबांचं इंग्रजी तेव्हा कामी आलं. गिरणीतून थकून यायचे, चष्मा लावायचे आणि ओळ न् ओळ मला मराठीत समजावून सांगायचे. संख्याशास्त्रात मी पहिल्या परीक्षेत नापास झाले. इथे परीक्षेची दुसरी तारीख मिळते, त्याला मोएद बेत म्हणतात. त्यात पास झाले.

पैशासाठी मी पेराख घेतलं. यात विद्यार्थ्याने एका गरजू मुलाला आठवड्यातून दोनदा भेटायचं, त्याचा अभ्यास घ्यायचा, त्याच्याशी खेळायचं. बदल्यात शिष्यवृत्ती, म्हणजे मिलगा मिळते. माझ्याकडे इथिओपियाहून आलेला नऊ वर्षांचा मुलगा होता. त्याचं हिब्रू माझ्या बाराव्या वर्षीच्या हिब्रूसारखंच अडखळायचं. फीचा चांगला भाग त्यातून निघाला, बाकीचं सुट्टीत पुन्हा पॅकिंगला जाऊन भरलं.

शेवटच्या वर्षी, १९९८ च्या शरद ऋतूत, फी निम्मी करा म्हणून देशभर विद्यार्थ्यांचा संप झाला. कित्येक आठवडे वर्ग बंद. बाबांना काळजी, पोरगी एवढी पोचली आणि आता संप! पुढे न्यायाधीश विनोग्राद यांची समिती बसली, तिने २००१ साली फी निम्म्याने उतरवावी अशी शिफारस केली. प्रत्यक्षात साधारण चौथा भाग कमी झाला. आम्हाला त्याचा उपयोग नव्हता, आमच्या मागून आलेल्यांना झाला. आजची फी आपोआप अशी राहिलेली नाही, हे पोरांना सांगायला हवं.

आता आजी-आजोबांना उपयोगी पडेल असं थोडं.

बगरूत अपुरी असेल तर मखिना आहे. सैन्यातून सुटलेल्यांना त्यासाठी मदतही मिळू शकते. बहुतेक ठिकाणी सायकोमेट्रिक परीक्षा लागते, तिचे गुण २०० ते ८०० मध्ये असतात. कमी आले तर पुन्हा देता येते. ओपन युनिव्हर्सिटीत तर पहिल्या पदवीला बगरूत किंवा सायकोमेट्रिकची अट नाही. तिथे एकेक कोर्स घेऊन, फीही कोर्सप्रमाणे भरून, नोकरी सांभाळून शिकता येतं.

सैन्यातून सुटल्यावर पिकादोनचे पैसे जमा असतात. पहिली पाच वर्षं ते शिक्षण, घर, लग्न, धंदा अशा ठरावीक कामांनाच काढता येतात. शिक्षणासाठी ते काढावेत, संकोच करू नये. भारतातून नुकतंच कोणी तरुण अलिया करून आलं असेल तर त्याने विद्यार्थी प्रशासनाकडे, म्हणजे मिनहाल हास्टुडेंटिमकडे, लवकर चौकशी करावी. अटींत बसणाऱ्या नव्या ओलिमची फी तिथून भरली जाते. वयाची आणि मुदतीची अट असते, म्हणून उशीर करू नये.

आणि आपण काय करायचं? पैसे द्यायलाच हवेत असं नाही. एक खोली, एक डबा आणि परीक्षेच्या महिन्यात "अजून किती वर्षं?" हा प्रश्न न विचारणं, एवढं पुष्कळ आहे.

बाबा २०११ साली वारले. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत अलियाचे कागद, त्यांच्या मॅट्रिकचा दाखला आणि माझ्या पहिल्या हप्त्याची पावती एकत्र ठेवलेली सापडली. ती पावती मी हरवली असं मला वाटत होतं.

मलिद्याच्या दिवशी मी आईला हे सगळं पुन्हा सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि भाच्याला विचारलं, "बेर शेवाची बस किती वाजता असते रे आता?"

तुमच्या घरी असा कोणी नातू-नात असेल तर आधी त्यांचं ऐकून घ्या, एवढीच विनंती. शालोम.