अंधार दिसायला लागेपर्यंत

लक्ष्मीपूजन येतं ते आश्विनातल्या अमावास्येला. पणत्या, आकाशकंदील आणि रोषणाईत त्या रात्रीचं आभाळ किती काळं असतं, हे आपल्या ध्यानातही येत नाही. त्याच रात्री गावाबाहेर दिव्यांपासून लांब जाऊन उभं राहिलं, तर सुरुवातीला डोळ्यांपुढे नुसता काळोख असतो. पाचेक मिनिटांनी बांध ओळखू येतो, मग झाडांचे आकार, आणि अर्ध्या तासाने पायाखालची वाट. उजेड तेवढाच असतो, डोळा बदललेला असतो.

अंधारात बाहुली मोठी होते, म्हणून दिसू लागतं, असं आपण शाळेत शिकलो. ते खरं आहे, पण अपुरं आहे. बाहुलीचा व्यास साधारण २ मिलिमीटरपासून ८ मिलिमीटरपर्यंत वाढतो, म्हणजे आत येणारा उजेड वाढून वाढून सोळा पट होतो. भर दुपारचं ऊन आणि चांदण्यांचा उजेड यांच्यातला फरक मात्र कोट्यवधी पटींचा. तिथे सोळा पटींनी काय होणार? खरं काम डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, दृष्टिपटलावर चालतं.

तिथे दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकुपेशी सुमारे ६० लाख; त्या रंग आणि बारकावे टिपतात, पण त्यांना भरपूर उजेड लागतो. दंडपेशी सुमारे १२ कोटी. त्यांना रंग कळत नाहीत, पण त्या विलक्षण संवेदनशील असतात. १९४२ साली हेक्ट, श्लेअर आणि पिरेन या तिघांनी प्रयोगातून दाखवलं, की दंडपेशींनी अवघे ५ ते १४ प्रकाशकण टिपले तरी माणसाला उजेड जाणवतो.

अंधारात गेल्यावर आधी शंकुपेशी सावरतात. सात-आठ मिनिटांत त्यांची मजल संपते, आणि मग थोडा वेळ काहीच सुधारत नाही. आता याहून जास्त दिसणार नाही, असं वाटतं आणि बहुतेक जण नेमक्या याच वेळी मोबाईलचा टॉर्च लावतात. दंडपेशींचा खेळ तर आता कुठे सुरू होणार असतो! पुढची वीस-तीस मिनिटं त्यांची नजर वाढतच जाते. टॉर्चच्या झोताने ती सगळी कमाई काही क्षणांत जाते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

मिळवायला अर्धा तास आणि घालवायला क्षण, असं का? याचा पहिला धागा १८७६ साली रोममध्ये सापडला. फ्रान्झ बोल या तरुण शास्त्रज्ञाला दिसलं, की अंधारात ठेवलेल्या बेडकाचं दृष्टिपटल लालसर असतं आणि उजेडात ते पाहता पाहता फिकं पडतं. पुढे हायडलबर्गला विल्हेल्म क्यूने यांनी या रंगद्रव्याचा पाठपुरावा केला. अंधारात ठेवलेल्या सशाला त्यांनी गजांच्या खिडकीकडे तोंड करून धरलं, मग त्याला मारून दृष्टिपटल तुरटीच्या द्रावणात ठेवलं. त्यावर खिडकीचं चित्र उमटलेलं होतं, गजांसकट. प्रयोग क्रूर होता. पण पाहणं ही एक रासायनिक क्रिया आहे, याचा इतका ढळढळीत पुरावा दुसरा नसेल.

हे रंगद्रव्य म्हणजे ऱ्होडॉप्सिन. त्याच्या पोटात अ जीवनसत्त्वापासून बनलेला एक वाकडा रेणू असतो. प्रकाशकण आदळला की तो सरळ होतो आणि पेशी संदेश पाठवते. सरळ झालेला रेणू मग निरुपयोगी ठरतो. त्याला पटलाच्या मागच्या थरात नेऊन पुन्हा वाकवावं लागतं, आणि वेळ जातो तो या दुरुस्तीत. दृष्टिपटलात अ जीवनसत्त्व असतं हे जॉर्ज वाल्ड यांनी १९३३ मध्ये शोधलं. १९६७ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

रातांधळेपणाचं मूळ इथेच आहे. अ जीवनसत्त्व कमी पडलं, की दिवसा नीट दिसणारं मूल तिन्हीसांजेला ठेचकाळू लागतं. दुर्लक्ष झालं तर बुबुळ कोरडं पडून कायमचं अंधत्व येऊ शकतं. एवढ्याशा पोषणाअभावी पोरांचे डोळे जावेत, ही गोष्ट मला कधीच साधी वाटली नाही. १९७० पासून आपल्या देशात लहान मुलांना अ जीवनसत्त्वाचे डोस देण्याचा कार्यक्रम सुरू झाला तो यासाठीच. घरच्या ताटात शेवग्याचा पाला, पालक, गाजर, पिकली पपई, अंडी असली तरी मोठं काम होतं.

आकाश पाहणाऱ्यांनी दंडपेशींचे स्वभाव ओळखून घेतले आहेत. वांगणीसारख्या ठिकाणी रात्रभर आकाशदर्शन चालतं तेव्हा टॉर्चवर लाल कागद लावलेला असतो, कारण दंडपेशींना लाल रंग जवळजवळ दिसतच नाही. म्हणूनच संध्याकाळी अंगणातली लाल जास्वंद काळी पडते आणि पानं मात्र अजून उजळ वाटतात. झेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी एकोणिसाव्या शतकात हा बदल नोंदवला. दुसरी युक्ती तिरकं पाहण्याची. नजरेच्या ऐन मध्यभागी दंडपेशी नसतात, त्यामुळे अंधूक वस्तूकडे थेट पाहिलं की ती नाहीशी होते. दिवाळीच्या दिवसांत रात्री नऊ-दहाच्या सुमाराला उत्तरेकडे उंचावर देवयानी दीर्घिका असते. तिच्या किंचित बाजूला नजर ठेवा. धुरकट डाग दिसेल. तो उजेड सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे.

वयानुसार हे सगळं मंदावतं. बाहुली पूर्वीसारखी उघडत नाही, भिंग पिवळसर होतं, रंगद्रव्याची भरपाई सावकाश होते. साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्यापेक्षा साधारण एक-तृतीयांश उजेड पोचतो. घरातली वडीलधारी मंडळी रात्री उठल्यावर चाचपडतात ती यामुळे. त्यांच्यासाठी मोठी ट्यूब लावली, तर जाताना डोळे दिपतात आणि ती मालवून परतताना काहीच दिसत नाही. खाटेपासून न्हाणीघरापर्यंत जमिनीलगत एखादा मंद, तांबूस दिवा रात्रभर चालू ठेवावा, जिन्याच्या पहिल्या आणि शेवटच्या पायरीला पांढरा पट्टा मारावा, आणि ‘चला लवकर’ असं न म्हणता त्यांना दारात जरा थांबू द्यावं.