बाफल्याचा तांबूस रंग

उज्जैनच्या फ्रीगंजात आपण डाळ-बाफले आवडीने खातो. बाफला आधी पाण्यात उकडतात. तेव्हा तो पांढरटच राहतो, कारण पाणी १०० अंशांपलीकडे तापत नाही. गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर वरचा पापुद्रा सुकला, की पिठातील साखर व प्रथिने यांच्या संयोगाने तांबूस रंगद्रव्ये बनतात. त्यांना मेलॅनॉइडिन म्हणतात. ही क्रिया फ्रेंच शास्त्रज्ञ मायार यांनी १९१२ साली वर्णिली. पावाच्या कवचाचा रंगही तिचाच.

ही रंगद्रव्ये विषारी नव्हेत. मात्र या क्रियेत लायसिन थोडे खर्ची पडते, आणि गव्हात ते मुळातच कमी. ती उणीव डाळ भरून काढते. आपल्या वाडवडिलांनी जोडी नेमकी जुळवली!

खरी काळजी बटाट्याची. १२० अंशांवर तळता-भाजताना त्यात ॲक्रिलामाइड तयार होते, असे स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी २००२ साली दाखवले. जनावरांवरील प्रयोगांत त्याने कर्करोग झाला. माणसांबाबत पुरावा अजून पक्का नाही. शीतगृहात २ ते ४ अंशांवर ठेवलेल्या बटाट्यात साखर वाढते व तो तळताना लवकर काळवंडतो. म्हणून चिप्सचा माल १० ते १२ अंशांवर ठेवतात. घरी आपण काप सोनेरी होताच काढावेत. करपलेले मुलांना वाढू नयेत.