शास्त्रीय संगीत आणि इअरफोनची पारख

गाणें आवडणें निराळें आणि गाणें ऐकण्याचें साधन पारखणें निराळें. घरीं गवई बोलावून बैठक करण्याचें भाग्य सामान्य कुटुंबांस कधींच लाभलें नव्हतें. ग्रामोफोन आला, रेडिओ आला, आणि थोर गवयांचा आवाज मध्यमवर्गीयांच्या माजघरांत पोंचला. आज तोच आवाज खिशांतल्या मोबाइलमध्यें येऊन बसला आहे. नाशिकसारख्या शहरांतही वाडे जाऊन सदनिका आल्या. एका खोलींत नातवंडांचा अभ्यास चाललेला असतो, दुसरींत टीव्ही चालू असतो. मग ज्यांना पहाटे ललत किंवा रात्रीं दरबारी ऐकावयाचा असतो, त्यांना इअरफोन कानांत घालण्यावांचून गत्यंतर उरत नाहीं. तो कसा निवडावा हा प्रश्न वरवर बाजाराचा दिसतो. खरें पाहतां तो संगीताचा आहे, आणि बराचसा आरोग्याचाही आहे.

नाशिककरांना या प्रश्नाचें एक विशेष अगत्य असावयास हवें. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर उत्तरायुष्यांत नाशिकास येऊन राहिले आणि त्यांचे चिरंजीव पंडित दत्तात्रेय विष्णु पलुसकर यांचा जन्म १९२१ सालीं याच शहरांत झाला. १९५५ सालीं, वयाच्या अवघ्या ३४ व्या वर्षीं, ते निवर्तले. त्यांचें गाणें समोर बसून ऐकण्याची सोय आतां कोणासही नाहीं. जें कांहीं उरलें आहे तें तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांत आणि इतर जुन्या ध्वनिमुद्रणांत. तें यंत्राच्या द्वारेंच ऐकावयाचें. अशा वेळीं हें यंत्र गवयाच्या गळ्यांत आपलें कांहीं मिसळीत नाहीं ना, एवढेंच पाहावयाचें असतें. आणि इअरफोनची पारख म्हणतात ती हीच.

ती पारख करण्यास कसोटी कोणती घ्यावी? बहुतेक लोक गायकाचा आवाज किंवा तबल्याची थाप ऐकून निर्णय करतात. त्याहून चांगली कसोटी प्रत्येक बैठकींत मागें बसलेली असते. ती म्हणजे तंबोरा होय. पुरुषाच्या गळ्यासाठीं तंबोरा काळी एकमध्यें मिळविला, तर जोडाच्या तारा सेकंदास सुमारें १३९ आंदोलनें करतात आणि खर्जाची तार सुमारें ६९. इअरफोनच्या खोक्यावर हीच संख्या हर्ट्झ या नांवानें छापलेली असते. परंतु तंबोऱ्याची गोडी या मूळ आंदोलनांत फारशी नाहीं. घोडीवर तारेखालीं सुताचा दोरा सरकवून जवारी काढली, म्हणजे एकेका तारेंतून अनेक उपस्वर झरूं लागतात आणि ते कांहीं हजार आंदोलनांपर्यंत चढत जातात. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ सालीं या घोडीचें रहस्य शास्त्रीय रीतीनें मांडलें. तारेच्या सामान्य नियमानें जे उपस्वर उमटूं नयेत तेही या घोडीमुळें उमटतात, असें त्यांनीं दाखवून दिलें. खर्जाच्या तारेचा पांचवा उपस्वर सुमारें ३४७ आंदोलनांवर येतो. तोच गंधार, कोणतीही तार गंधारांत मिळविलेली नसतांना तो ऐकूं येतो, म्हणून जाणते लोक त्यास स्वयंभू गंधार म्हणतात. ज्या इअरफोनांतून खर्जाची तारही लागते, हा गंधारही ऐकूं येतो आणि वरची जवारीही रेतीसारखी न खरखरतां वाहत राहते, तो बव्हंशीं सर्व संगीतास योग्य समजावा.

आतां निवडीच्या क्रमाकडे वळूं. पहिली गोष्ट किंमत नव्हे, बसणी होय. इअरफोनच्या टोंकास सिलिकॉनची किंवा मऊ फोमची टोपी असते आणि बहुधा लहान, मध्यम व मोठी अशा तीन मापांच्या टोप्या खोक्यांत येतात. कानाच्या तोंडाशीं टोपी हवाबंद बसली नाहीं, तर खालचे स्वर फटींतून निघून जातात. खर्ज नाहींसा होतो, आवाज पत्र्यासारखा होतो, आणि दोष बिचाऱ्या इअरफोनच्या माथीं येतो. दोन्ही कानांचीं मापें सारखीं असतीलच असें नाहीं. उजव्यास मध्यम आणि डाव्यास मोठी टोपी लागली तर त्यांत नवल नाहीं. म्हणून कोणत्याही इअरफोनविषयीं मत बनविण्यापूर्वीं तिन्ही मापें घालून पाहावींत व ज्या मापानें खर्ज भरीव होईल तें ठेवावें.

दुसरी गोष्ट मधल्या स्वरांची. कानाची नळी सुमारें अडीच सेंटिमीटर लांब असते आणि उघड्या कानांत ती ३,००० आंदोलनांच्या आसपासचे स्वर आपोआप वाढवून पडद्यापर्यंत पोंचविते. नळीचें तोंड टोपीनें बुजलें, कीं ही नैसर्गिक वाढ बदलून जाते. म्हणून कुशल कारागीर ती उणीव इअरफोनच्या घडणींतच भरून काढतो. भरपाई कमी पडली, तर गायक पडद्याआडून गात आहे असें वाटतें आणि बोलांतील व्यंजनें बोथट होतात. ती अधिक झाली, तर तारषड्ज, सारंगीचा गज आणि हार्मोनियमची पत्ती कानास टोंचूं लागते. पंधरा-वीस मिनिटांत कान शिणला, तर पुष्कळदां कारण येथेंच सांपडतें.

तिसरी गोष्ट खालच्या स्वरांची, आणि बाजारांत सर्वांत अधिक फसगत हिच्याच बाबतींत होते. नाशिकचा ढोल मिरवणुकींत छातींत घुमतो, तो त्या ढोलाचा धर्मच आहे आणि तेथें तो शोभतोही. परंतु कित्येक इअरफोनांत हाच घुमारा मुद्दाम फुगवून ठेवलेला असतो. डग्ग्याचे बोल असे फुगले, कीं विलंबित ख्यालांत गायकाच्या मुखड्यावर ते पांघरुणासारखे पसरतात. जोराचा खालचा स्वर वरच्या नाजुक स्वरांस झांकून टाकतो, हा मनुष्याच्या कानाचाच नियम आहे. तेव्हां फुगलेला डग्गा प्रथम बळी घेतो तो तंबोऱ्याचा. तबल्याच्या शाईमुळें त्याचे उपस्वर सुरेल होतात, हेंही रामन यांनीं एका सहकाऱ्यासह १९२० सालीं प्रसिद्ध केलें होतें. तबला हें सुरांत मिळविलेलें वाद्य आहे. इअरफोनांतून त्याची नुसती थाप ऐकूं आली आणि सूर ऐकूं आला नाहीं, तर तो इअरफोन ख्यालासाठीं नव्हे.

चौथी गोष्ट जुन्या ध्वनिमुद्रणांची. भारतांत तबकड्यांसाठीं ध्वनिमुद्रण १९०२ सालीं सुरू झालें. १९२५ च्या सुमारास विजेच्या मायक्रोफोनची पद्धति येईपर्यंत गवयास कर्ण्यांत तोंड घालून गावें लागे, आणि वरचे बारीक स्वर त्या कर्ण्यांतून तबकडीवर फारसे उतरतच नसत. जें मेणावर उमटलेंच नाहीं तें कितीही महाग इअरफोन घेतला तरी परत येणार नाहीं. उलट, वरचे स्वर ज्यांत अवास्तव उठविलेले असतात, त्या इअरफोनांत तबकडीची खरखर मात्र दुप्पट होते. ज्यांच्या संग्रहांत जुनीं ध्वनिमुद्रणें अधिक आहेत, त्यांनीं वरच्या बाजूस सौम्य असाच इअरफोन घ्यावा.

किंमतीविषयीं पुष्कळांची अशी समजूत असते, कीं जितके पैसे अधिक तितका सूर खरा. अमेरिकेंतील ध्वनिशास्त्राच्या एका नियतकालिकांत २०१७ सालीं २८३ हेडफोन व इअरफोन यांची मोजणी प्रसिद्ध झाली. त्यांत किंमत आणि स्वरांचा समतोल यांचा परस्परसंबंध आढळून आला नाहीं. आज हजार-दोन हजार रुपयांतही तारेचा उत्तम इअरफोन मिळूं शकतो. आंत एक पडदा आहे कीं चार-पांच यंत्रें बसविलीं आहेत, यावरून गुण ठरत नाहीं. खोक्यावरील “२० ते २०,००० हर्ट्झ” या अक्षरांवरूनही तो ठरत नाहीं, कारण सर्व स्वर पोंचणें आणि ते योग्य प्रमाणांत पोंचणें या दोन भिन्न गोष्टी आहेत.

तारेचा घ्यावा कीं बिनतारी? चांगल्या बिनतारी इअरफोनांत आवाजाचा दोष सहसा कानास जाणवत नाहीं. खरी अडचण बॅटरीची. ती इवलीशी बॅटरी कांहीं वर्षांत क्षीण होते आणि बहुतेक इअरफोनांत ती बदलतां येत नाहीं. तारेच्या इअरफोनास हें मरण नाहीं. मात्र नव्या मोबाइलांना बहुधा गोल भोंक नसल्यामुळें त्याला एक लहानसा जोड घ्यावा लागतो. बसच्या इंजिनाची किंवा पंख्याची घरघर दाबणारे बिनतारी इअरफोन प्रवासांत उपयोगी पडतात, कारण बाहेरचा गलबला कमी झाला म्हणजे आवाज वाढविण्याचा मोह होत नाहीं. रस्ता ओलांडतांना मात्र कोणताही इअरफोन कानांत नसावा.

या मोहाचा विचार थोडा गंभीरपणें केला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनाप्रमाणें ८० डेसिबल आवाज प्रौढ मनुष्यानें आठवड्यास ४० तास ऐकला तर चालतो; तोच ९० डेसिबलांवर नेला तर अवघे ४ तास उरतात. अंतःकर्णांतील ज्या सूक्ष्म केशपेशींमुळें ऐकूं येतें, त्या मनुष्यांत एकदां मेल्या कीं पुन्हां उगवत नाहींत, आणि हानि बहुधा वरच्या स्वरांपासून सुरू होते. वयोमानानेंही तेच स्वर आधीं जातात. म्हणजे चुकीचा इअरफोन घेणारा मनुष्य तंबोरा ऐकूं येत नाहीं म्हणून आवाज वाढवितो, आणि वाढविलेल्या आवाजानें तंबोऱ्याचे तेच उपस्वर ऐकण्याची शक्ति कायमची गमावतो. एका कानानें कमी ऐकूं येत असेल किंवा ऐकल्यानंतर कानांत शिटी वाजत असेल, तर दुसरा इअरफोन आणण्यापूर्वीं कानाच्या डॉक्टरकडे जावें.

शेवटीं प्रत्यक्ष खरेदीविषयीं. महात्मा गांधी रस्त्यावरील दुकानांत जावें किंवा घरबसल्या मागवावें. कानांत घालण्याची वस्तु दुकानदार सहसा उघडून देत नाहीं, आणि स्वच्छतेच्या दृष्टीनें तें योग्यही आहे. म्हणून परत करण्याची सवलत आहे का, हें आधीं विचारून घ्यावें, अथवा स्नेह्याचा इअरफोन आपली स्वतंत्र टोपी लावून ऐकून पाहावा. परीक्षेसाठीं ओळखीचीं तीन ध्वनिमुद्रणें पुरेत: एक विलंबित ख्याल, एक सतार किंवा सरोद तबल्यासह, आणि एक जुनी तबकडी. दोन इअरफोन ताडून पाहतांना दोहोंचा आवाज सारखा ठेवावा. कारण किंचित् मोठा वाजणारा नेहमींच अधिक चांगला भासतो आणि भले भले येथें चकतात. प्रथम गाणें ऐकूंच नये. आरंभींचा नुसता तंबोरा, खोलींतील माणसाचें बोलणें पुसट ऐकूं येईल इतक्या लहान आवाजांत, ऐकावा. खर्ज लागला, गंधार दिसला, कान शिणला नाहीं, तर मग गवयास गाऊं द्यावें. अर्ध्या तासानें इअरफोन कानांत आहे याचा विसर पडला, तर तो ठेवून घ्यावा. पडला नाहीं, तर किंमतीकडे न पाहतां परत करावा.

मैफलीपूर्वीं गवई तंबोरा मिळविण्यांत बराच वेळ घालवितो आणि त्याबद्दल कोणी कुरकुर करीत नाहीं. श्रोत्यानेंही आपलें साधन मिळविण्यास एक सकाळ दिली, तर पुढील अनेक वर्षांच्या पहाटा सुरेल होतील आणि त्या ऐकण्यास कानही शाबूत राहतील.