पुडी बाजाराच्या दिवशी

पहाटे सव्वापाच. मे महिन्यात नागभीडला गारवा मिळतो तो एवढाच. आम्ही चौघं रेल्वे स्टेशनच्या बाजूनं चालतो. जंगलाकडच्या रस्त्याला पाय वळत नाहीत, वाघाचं काही सांगता येत नाही. सूर्य वर आला की सोबतचे निवृत्त गुरुजी बनियन वर करून उभे राहतात. "घ्या भाऊ, फुकटचं डी." कोवळं ऊन तिरपं येतं, त्यातले व्हिटॅमिन डी बनवणारे नेमके किरण वाटेतच ओझोनमध्ये अडकतात, हे त्यांना तीनदा सांगून झालं. चौथ्यांदा सांगत नाही. त्या निमित्तानं ते चालतात तरी.

नऊला पाच कमी. मेडिकलचं शटर वर करतो, दारापुढं पाणी मारतो आणि स्वतःची सावली बघतो. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की कातडीत डी बऱ्यापैकी बनू लागतं, हा सोपा हिशेब. मेमध्ये आपल्याकडे ही वेळ नऊच्या सुमारास येते. डिसेंबरात भर दुपारी बाराला, तीही जेमतेम. मेच्या शेवटाकडे बाराच्या सुमारास सूर्य थेट डोक्यावर येतो, सावली चपलेखाली जाते आणि पारा 45 च्या आसपास. तेव्हा कोण मरायला उभा राहणार? तेंदूपत्ता तोडणाऱ्या बायासुद्धा पहाटेच जंगलात जातात आणि ऊन तापलं की घरी सावलीत पुडे बांधायला बसतात. ऊन रग्गड, पण ते कामाचं होतं तेव्हा आम्ही दाराआड.

माझंच बघा. गेल्या वर्षी रक्तात डी 14 निघालं. 20 च्या खाली म्हणजे कमतरता. कंबर मात्र 38 इंच, म्हणजे 96.5 सेंटिमीटर. भारतीय पुरुषाला हद्द 90 ची. हे दोन आकडे एकमेकांचे नातलग आहेत, ते पुढे येईलच. म्हणून सध्या हाफ शर्टावर पंधरा मिनिटं दारात उभा राहतो. शेजारचा टेलर हसतो. कंबर त्याच्याच टेपनं मोजली होती.

साडेअकरा. खेड्यावरून एक बाई चिठ्ठी घेऊन आली. मेटफॉर्मिन, आणि डी-3 च्या 60,000 युनिटच्या आठ पुड्या, आठवड्याला एक. पैसे मोजता मोजता हळूच म्हणाली, "भाऊ, हे मान घासून घासून थकली जी, मळ जातच नाही." पदर थोडा सरकवला. मानेमागं काळा, जाडसर, मखमलीसारखा पट्टा. मी म्हटलं, बाई, घासू नका, हा मळ नाही, अंगात इन्सुलिन जास्त झाल्याची ही खूण असते. धानाच्या बांधीचं तोंड गाळानं बुजलं की घोडाझरी तलावाच्या कालव्यातून जास्त पाणी सोडावं लागतं ना, तसं. साखर आत घ्यायला पेशी कुरकुर करतात, मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडत राहतं. एक दिवस तेही थकतं.

"पण मी कुठं जाडी आहो जी?"

नव्हतीच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, आपल्या याज्ञिकांची 21.2. आपली चरबी वजनकाट्याला दिसत नाही, पोटात लपून बसते. हे सगळं काउंटरवर कुठं सांगता? "टेप लावा, कंबर 80 सेंटिमीटरच्या आत पाहिजे," एवढं सांगितलं.

दीड. ताटात भात. एचएमटी तांदूळ निवडून काढणारे दादाजी खोब्रागडे याच तालुक्यातल्या नांदेडचे; वाणाला नाव दिलं ते त्या काळच्या मनगटी घड्याळाचं. 2018 मध्ये ते गेले. त्या तांदळाला दोष द्यायला माझी जीभ वळत नाही. बापानं भाताचा ढीगच खाल्ला, पण चिखलात वाकून रोवणीही केली. मी तोच ढीग खाऊन गल्ल्यावर बसतो. बायकोनं वाटी लहान केली आहे.

चार. घामानं निथळत औषध कंपनीचा एमआर आला. गुळगुळीत कागदावर लिहिलेलं की डी द्या, इन्सुलिनची अडचण सुटेल. पोराला आधी पाणी दिलं, मग वाद घातला. 2000 साली बोस्टनमध्ये लठ्ठ आणि सडपातळ माणसांवर सारखेच किरण सोडले. लठ्ठांच्या रक्तात डीची वाढ निम्म्याहूनही कमी. कातडीत बनतं, पण चरबीत मुरतं. 2013 मध्ये विमलेश्वरन आणि सहकाऱ्यांनी जनुकांवरून तपासलं: वजन वाढलं की डी घटतं, डी कमी म्हणून वजन वाढतं, असं काही दिसलं नाही. आणि 2019 च्या अमेरिकेतल्या चाचणीत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या 2,423 जणांपैकी निम्म्यांना रोज 4,000 युनिट दिले, तरी मधुमेह ठळकपणे टळला नाही. पुढे तीन चाचण्या एकत्र मोजल्यावर धोका 15 टक्के कमी दिसला, हेही खरं. म्हणजे थोडाफार उपयोग असेल. पण कमतरता भरून काढायची ती हाडांसाठी, स्नायूंसाठी. कंबर पुडीनं उतरत नाही.

"सर, टार्गेट आहे," तो म्हणाला. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. एक डबा घेतला.

साडेसहा. गर्दीची वेळ. या वेळी मला एक काकाजी आठवतात. चार वर्षांपूर्वी अशाच गर्दीत मी त्यांना पुड्या दिल्या आणि 'आठवड्याला एक' हे सांगायचं राहिलं. त्यांनी रोज घेतली. आणखी पुड्या दुसरीकडून आणल्या. दोन-अडीच महिन्यांनी उलट्या, सारखी तहान, पोट साफ नाही. रक्तातलं कॅल्शियम चढलेलं. नागपूरला न्यावं लागलं. वाचले. अजूनही माझ्याकडेच औषध घेतात, त्याचीच जास्त लाज वाटते. तेव्हापासून प्रत्येक पाकिटावर मार्करनं एकच शब्द लिहितो: बाजार. वार विसरतील, आठवडी बाजार नाही विसरत.

सव्वानऊ. शटर अर्धं खाली, उद्याची ऑर्डर लिहीत होतो. सकाळच्या बाईच्या घरून फोन. नवरा बोलत होता.

"भाऊ, हे बाई दोन गावचे बाजार करते जी. पुडी कोणत्या बाजारी घ्यायची?"

"नागभीडच्या."

"अन् दुसऱ्या?"

"दुसऱ्या बाजारी फक्त भाजी घ्या."