आजीचा आवाज किती ठिकाणी आहे?

हल्ली आपल्यापैकी बऱ्याच घरांत एक छोटासा स्टुडिओ असतो. खोलीच्या कोपऱ्यात माइक, ऑडिओ इंटरफेस, लॅपटॉप आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतीला टांगलेली जाड गोधडी. कोणी गाणी रेकॉर्ड करतं, कोणी पॉडकास्ट करतं, तर कोणी माळ्यावरच्या जुन्या कॅसेट्स डिजिटल करतं. त्या कॅसेट्समध्ये गणेशोत्सवातली गाणी असतात, आजोबांचं कीर्तन असतं, आणि आजीची ती खास इंदुरी किंवा बडोद्याची मराठी असते, जी आता घरात तशी कोणी बोलत नाही. गाण्याचा टेक पुन्हा घेता येतो, आजीचा घेता येत नाही. म्हणून माइक कोणता घ्यावा यापेक्षा रेकॉर्डिंग ठेवायचं कुठे, हा प्रश्न मोठा आहे.

आधी हिशोब करू. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचं स्टिरिओ रेकॉर्डिंग तासाला साधारण १ जीबी जागा घेतं. ९० मिनिटांच्या १०० कॅसेट्सना सुमारे १५५ जीबी लागतील. आठ माइक लावून केलेली दोन तासांची मैफल ८ जीबीच्या थोडी वर जाते. म्हणजे १ टीबीची डिस्क बहुतेक घरांना बराच काळ पुरते. जागा वाचवायची असेल तर वेव्ह फाइल फ्लॅकमध्ये बदला. दर्जा तसूभरही कमी होत नाही आणि आकार बरेचदा निम्म्याजवळ येतो. एमपी३ नातेवाइकांना पाठवायला ठीक, मूळ प्रत म्हणून नको.

आता डिस्क कोणती? रेकॉर्डिंग आणि एडिटिंग चालू असताना एसएसडी वापरा. ती वेगवान असते आणि आवाज करत नाही. बॅकअपसाठी मात्र साधी एक्स्टर्नल हार्ड डिस्क चांगली. तेवढ्या पैशांत जागा जास्त मिळते. शिवाय एसएसडी वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात ठेवली, तर तिच्यातली माहिती हळूहळू पुसली जाऊ शकते.

इथे दोन गैरसमज नेहमी दिसतात. पहिला नॅसचा. दोन डिस्कच्या नॅसमध्ये एकीवरचं दुसरीवर आपोआप उतरतं, म्हणून लोक निर्धास्त होतात. एक डिस्क बंद पडली तर त्याचा उपयोग होतोच. पण फाइल चुकून डिलीट केली तर ती दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जाते, आणि घरात पाणी शिरलं तर दोन्ही एकदमच भिजतात. दुसरा गैरसमज क्लाउड सिंकचा. लॅपटॉपवर पुसलेली फाइल सिंकमुळे क्लाउडवरूनही पुसली जाते. ती काही दिवस ट्रॅशमध्ये सापडते, कायमची नाही. सोय आणि बॅकअप या वेगळ्या गोष्टी आहेत.

यावरचा जुना, साधा नियम म्हणजे ३-२-१. एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. लॅपटॉपची एसएसडी, कपाटातली हार्ड डिस्क आणि क्लाउड, झालं काम. क्लाउडवर चढवायला मात्र धीर हवा. २० एमबीपीएस अपलोडने १५५ जीबीला सतरा तासांहून जास्त लागतात. ते नको असेल तर आपल्याकडे दुसरा उपाय आहे. आपली कुटुंबं ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव, पुणे अशी पसरलेली असतात. लग्नकार्याला जाताना एक भरलेली डिस्क मामेबहिणीकडे ठेवा, तिची आपल्याकडे आणा.

आणि बॅकअप उघडून बघा. १९९८ मध्ये पिक्सारमध्ये 'टॉय स्टोरी २' चं काम चालू असताना एका चुकीच्या आदेशाने चित्रपटाचा बराच भाग पुसला गेला. बॅकअप होता, पण तो नीट चालत नव्हता, हे तेव्हा कळलं. गॅलिन सुसमन या सहकारी बाळंतपणानंतर घरून काम करत होत्या. त्यांच्या घरच्या संगणकावरच्या प्रतीमुळे चित्रपट वाचला. एवढ्या मोठ्या स्टुडिओलाही घराबाहेरची, म्हणजे तिथे घरातली, प्रतच उपयोगी पडली!

आपल्याला पाडवा आणि दिवाळी असे दोन दिवस ठरवता येतील. डिस्क जोडायची, दोन-चार फाइली कुठूनही निवडून शेवटपर्यंत ऐकायच्या, नवीन रेकॉर्डिंग उतरवायचं. पाच-सहा वर्षांची डिस्क चालू असतानाच तिच्यावरचं नव्या डिस्कवर हलवायचं. फाइलच्या नावात वर्ष, गाव आणि बोलणाऱ्याचं नाव लिहायचं. 'ट्रॅक ०७' मधला आवाज कोणाचा, हे सांगणारी माणसं कायम नसतात. आज आई-बाबांना विचारता येतंय, तोवर विचारून घ्या. पासवर्डही घरातल्या आणखी एकाला माहीत असू द्या.