एमजीबीसाठी हेडर निवडताना

१९६२ ते १९८० या काळात बनलेल्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्‌स कारच्या १७९८ सीसी इंजिनाला सिलिंडर चार, पण एक्झॉस्टची तोंडं तीनच. मधल्या दोन सिलिंडरांचं तोंड सामायिक असतं. फायरिंगचा क्रम १-३-४-२ असल्याने त्या दोघांचे धूर एकमेकांवर आदळत नाहीत. तोंडं तीनच असल्याने या गाडीचा हेडर, म्हणजे एक्झॉस्टचा नळ्यांचा मॅनिफोल्ड, तीन नळ्यांचा असतो.

खरी गोम हेडरच्या फ्लॅंजच्या, म्हणजे इंजिनाला टेकणाऱ्या सपाट कडेच्या, जाडीत आहे. इनटेक आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड इंजिनाच्या एकाच बाजूला, एकाच गॅस्केटवर बसतात आणि काही स्टडवरचे जाड वॉशर दोन्हींना एकत्र दाबतात. हेडरचा फ्लॅंज इनटेकच्या फ्लॅंजपेक्षा थोडा जरी पातळ असला तरी दाब इनटेकवरच पडतो आणि धूर गळू लागतो. नळ्यांच्या चकाकीपेक्षा हे माप आधी घ्यावं.

डाव्या स्टिअरिंगच्या गाडीत स्टिअरिंगचा दांडा एक्झॉस्टच्या बाजूनेच जातो, तेव्हा हेडर त्याच रचनेसाठी बनलेला हवा. शिवाय रबरी माउंटवर इंजिन हलतं, त्यामुळे नळ्यांभोवती मोकळी जागा लागते. साध्या पोलादाला उष्णतारोधक पट्टी गुंडाळू नये. पट्टी ओल धरते आणि पोलाद गंजतं. सिरॅमिक लेप कितीतरी बरा. इंजिन तापून थंड झालं की नट पुन्हा आवळावेत.