‘ने’ दिसला म्हणजे पॅसिव्ह नव्हे

जबलपूरच्या मराठी घरांतली मुले घरी मराठी, बाहेर हिंदी बोलतात आणि शाळेत इंग्रजीचे ॲक्टिव्ह-पॅसिव्ह सोडवतात. साध्या भूतकाळात ती अडतात ‘ने’पाशी. शहराजवळ त्रिपुरीला मार्च १९३९ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. तिथलेच वाक्य घेऊ : ‘प्रतिनिधींनी ठराव मंजूर केला.’ मराठीत हा कर्मणी प्रयोग. क्रियापद ठरावाच्या मागे जाते. ठरावाऐवजी सूचना असती, तर ‘केली’ झाले असते. मग कर्मणी म्हणजेच पॅसिव्ह असे समजून मूल ‘ने’च्या जागी ‘बाय’ घालते.

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्रियापद कुणाप्रमाणे बदलते, हे प्रयोग सांगतो. कर्त्याच्या जागी करणारा बसला आहे की ज्यावर क्रिया झाली तो, हे व्हॉइस सांगतो. हिंदीचे व्याकरणकार कामताप्रसाद गुरू जबलपुरातच राहत. त्यांनी ‘वाच्य’ आणि ‘प्रयोग’ वेगळे मांडले, आणि ‘ने’च्या अशा वाक्याला कर्तृवाच्यच म्हटले. हा भेद शाळेत आधी शिकवला, तर निम्मा गोंधळ टळेल असे मला मनापासून वाटते.

म्हणून वरचे वाक्य इंग्रजीत सरळ ॲक्टिव्ह होते : ‘द डेलिगेट्स पास्ड द रेझोल्यूशन.’ पॅसिव्ह होईल ‘द रेझोल्यूशन वॉज पास्ड बाय द डेलिगेट्स.’ त्याला मराठीत जवळचे वाक्य म्हणजे ‘प्रतिनिधींकडून ठराव मंजूर केला गेला’, ज्याला आपण नवीन कर्मणी म्हणतो. प्रतिनिधी अनेक म्हणून कुणी ‘वेअर’ लिहितात. पण आता कर्त्याच्या जागी ठराव आहे आणि तो एकच, म्हणून ‘वॉज’. पुढे क्रियापदाचे तिसरे रूप हवे. ‘पास्ड’मध्ये दुसरे आणि तिसरे सारखेच असल्याने चूक लपते, ‘रोट’ आणि ‘रिटन’मध्ये लगेच उघडी पडते.

‘बाय’ नसले की वाक्य अपुरे, हाही गैरसमज. त्या अधिवेशनात अध्यक्ष सुभाषबाबू तापाने आजारी होते. त्यांना स्ट्रेचरवरून आणावे लागले. ‘बोस वॉज कॅरीड ऑन अ स्ट्रेचर’ हे वाक्य पूर्ण आहे, कारण स्ट्रेचर कुणी उचलले हे इथे सांगायचे नाही. उलट ‘बोस वॉज इल’मध्ये ‘वॉज’ असूनही पॅसिव्ह नाही. तिथे फक्त त्यांची अवस्था सांगितली आहे. आणि ‘बोस केम टू त्रिपुरी’चे पॅसिव्ह करायला बसूच नये : ‘येणे’ला कर्म नाही, मग कर्त्याच्या जागी आणून बसवायचे कुणाला?